ओपीडीतला धडा कोण घेतो?

आपल्याकडे 'शिकाऊ' हा शब्द अर्धी शिवी झाला आहे. शहादा-लोणखेडा भागात कुणी आजारी पडले आणि सरकारी दवाखान्याचा विषय निघाला, की घरातले एक तरी माणूस म्हणतेच, "तिथे नको, तिथे शिकाऊ डॉक्टर बघतात." मग गाडी सुरतेकडे वळते, नाहीतर धुळ्या-नाशिकच्या खाजगी हॉस्पिटलकडे. त्यासाठी कुणाचे शेत गहाण पडते, कुणाच्या बांगड्या मोडल्या जातात. ज्यांच्याकडे गहाण ठेवायलाच काही नाही ते सिव्हिलच्या रांगेत उभे राहतात. आपल्यावर कुणीतरी हात साफ करून घेणार, ही भीती घेऊनच ते उभे असतात.

मी डॉक्टर नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका आहे. पण शिकणे आणि शिकवणे हीच माझी रोजीरोटी असल्यामुळे या भीतीकडे मी जरा वेगळ्या बाजूने पाहते. जगातला प्रत्येक चांगला डॉक्टर कधीतरी शिकाऊ होता आणि कुणा ना कुणा गरिबाच्या अंगावरच शिकला. प्रश्न डॉक्टर शिकाऊ असण्याचा नाही. तो शिकत असताना शेजारच्या खुर्चीवर शिकवणारा बसला होता की नाही, हा प्रश्न आहे. सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत ती खुर्ची फार वेळा रिकामी असते, आणि त्याबद्दल आपण कुणाला विचारत नाही.

हा विषय आता आपल्या दारात आला आहे. १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला आपला नंदुरबार जिल्हा वीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकीय महाविद्यालयाशिवाय होता. २०२० मध्ये नंदुरबारला १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे प्रकाशाचा तापीवरचा पूल ओलांडला की आता आपणच एका वैद्यकीय शाळेचे पुस्तक आहोत. धडगावचा पावरा, तळोद्याचा भिल्ल, नवापूरचा मावची, शहाद्याचा पाटील आणि आपल्या मोहल्ल्यातल्या बायका, सगळे त्या पुस्तकाची पाने. मग हे पुस्तक नीट वाचायला कोण शिकवतो, हे विचारण्याचा हक्क पानांनाही असला पाहिजे.

वॉर्ड आणि ओपीडी

एमबीबीएसनंतर एमडी किंवा एमएस करणारा विद्यार्थी तीन वर्षे रुग्णालयात राबतो. त्याला आपण निवासी डॉक्टर म्हणतो. 'निवासी' हा शब्द उगाच आलेला नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये उघडले. तिथे विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच राहून शिकण्याची पद्धत रुजवली. ते खरोखरच तिथे निवास करत. शिक्षण खाटेपाशी व्हायचे. गुरुजी राउंडला येत, मागे विद्यार्थी, समोर रुग्ण. ही पद्धत उत्तम होती, आजही आहे. आपल्याकडे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालयाला जोडूनच सुरू झाले, तेही याच जाणिवेने की वैद्यक नुसत्या पुस्तकातून येत नाही. मराठी वाचकाला रुग्णालयातल्या शिक्षणाची ओळख झाली तीही वॉर्डातूनच. डॉ. रवी बापट यांच्या गाजलेल्या पुस्तकाचे नावच 'वॉर्ड नं. ५, केईएम' आहे.

पण आता विचार करा, तुमच्या-माझ्या घरातले आजार कुठे बरे होतात? साखर, ब्लडप्रेशर, दमा, मिरगी, टीबी, थायरॉईड, सांधेदुखी आणि आपल्या जिल्ह्यातला सिकलसेल, यातला बहुतेक रुग्ण कधी खाटेवर झोपतच नाही. तो केसपेपर काढतो, रांगेत बसतो, गोळ्या घेतो आणि घरी जातो. महिन्याने परत येतो, किंवा येत नाही.

वॉर्डातला रुग्ण डॉक्टरच्या ताब्यात असतो. त्याला गोळी नर्स देते, जेवण रुग्णालय देते, ताप दर काही तासांनी मोजला जातो. ओपीडीतला रुग्ण स्वतःच्या ताब्यात असतो. गोळी घ्यायची की नाही, हे तो ठरवतो, किंवा त्याची सासू ठरवते, किंवा खिसा ठरवतो. म्हणून ओपीडीत डॉक्टरला रोगाबरोबर रुग्णाचे घर, काम, सण आणि बोली वाचता आली पाहिजे. हे वाचन वॉर्डात शिकता येत नाही. आणि नेमके हेच कुणी शिकवत नाही, कारण ओपीडी म्हणजे 'संपवायची गर्दी' असे आपण ठरवून टाकले आहे.

२०१७ साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांचा एक आढावा आला होता. डॉक्टर बाह्यरुग्णाला सरासरी किती वेळ देतात, हे त्यात मांडले होते. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात सुमारे दोन मिनिटे. दोन मिनिटांत आमच्या वर्गात हजेरीही पूर्ण होत नाही.

राज़ींची मजलिस

बाह्यरुग्णांसमोर बसवून डॉक्टर घडवणे ही काही नवी, परकी कल्पना नाही. नवव्या-दहाव्या शतकात इराणमधल्या रय आणि पुढे बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले अबू बक्र मुहम्मद बिन ज़करिया राज़ी आपल्याला देवी आणि गोवर यांतला फरक सांगणारे हकीम म्हणून माहीत असतात. त्यांची बैठक कशी भरायची याचे वर्णन इब्न अन-नदीम यांनी दहाव्या शतकात लिहिलेल्या 'अल-फिहरिस्त' या ग्रंथात आहे. राज़ींच्या भोवती त्यांचे शागीर्द बसत, त्यांच्या मागे त्या शागीर्दांचे शागीर्द आणि त्याही मागे आणखी नवखे. रुग्ण आला की तो आपली तक्रार आधी सर्वांत बाहेरच्या रांगेला सांगे. त्यांना उत्तर सापडले तर ठीक, नाहीतर तो पुढच्या रांगेकडे जाई. तिथेही अडले तर शेवटी स्वतः राज़ी बोलत.

या रचनेत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, रुग्णाला आधी शिकाऊच भेटतो, आणि त्यात लाज कुणालाच वाटत नाही. दुसरी, उस्ताद तिथेच बसलेला असतो. तो घरी नाही, मीटिंगला नाही, 'फोनवर उपलब्ध' नाही. शागीर्द चुकला तर त्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी कुणीतरी ऐकते आहे. आजच्या ओपीडीने पहिली गोष्ट घेतली आणि दुसरी सोडून दिली. 'आमच्या पूर्वजांनी हे केले, ते केले' असे म्हणत छाती फुगवणारी भाषणे आपल्या समाजात खूप होतात. त्यापेक्षा, राज़ींच्या मजलिशीत उस्तादाची जागा होती तशी आमच्या ओपीडीतही हवी, एवढी साधी मागणी आपण केली, तर त्या वारशाचा काही उपयोग झाला असे म्हणता येईल.

'समजलं का?' हा प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्या खालांना घेऊन मी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात साखरेच्या तपासणीसाठी जात असे. रुग्णालयाचे नाव महत्त्वाचे नाही, अशी बरीच आहेत. टेबलावर एक तरुण निवासी डॉक्टर होता, परप्रांतातला, नम्र, आणि डोळ्यांवरून रात्रभर जागलेला. त्याने रिपोर्ट पाहिला, साखर वाढलेली होती. त्याने विचारले, "दवाई बराबर ले रहे हो?" खाला म्हणाल्या, "जी." त्याने एक गोळी वाढवून दिली. दोन मिनिटे झाली, पुढचा नंबर. शेजारची मोठी खुर्ची रिकामी होती.

पुढच्या खेपेला त्या खुर्चीवर एक वयस्कर डॉक्टर बाई होत्या. समोर तोच तरुण. त्यांनी त्याला थांबवले आणि खालांना म्हणाल्या, "गोळ्यांची पिशवी आणलीय का? दाखवा बरं." रात्रीच्या गोळीची जवळजवळ सगळी पाकिटे तशीच होती. ती घेतली की रात्री घाम फुटतो, हात थरथरतात, म्हणून खालांनी ती स्वतःच बंद केली होती. शिवाय रमजान तोंडावर आला होता आणि रोजे त्या धरणारच होत्या. हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या, कारण कुणी विचारलेच नव्हते. बाईंनी जुनी गोळी बदलली, वाढवलेली काढून टाकली. मग त्या तरुणाकडे वळून एवढेच म्हणाल्या, "घेता का, असं विचारायचं नाही. किती उरल्या, असं विचारायचं."

मला त्या क्षणी आमचा बीएडचा वर्ग आठवला. छात्राध्यापकाला पहिल्याच महिन्यात सांगतात की वर्गाला "समजलं का?" असे विचारू नका. सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो आणि कुणालाच काही समजलेले नसते. असा प्रश्न विचारा की उत्तरातूनच समज दिसेल. खालांचे "जी" म्हणजे माझ्या चौथीच्या वर्गाचे "हो मॅडम" होते. त्या तरुणाकडे औषधांचे ज्ञान कमी नव्हते, स्पर्धा परीक्षांच्या चाळणीतून आलेला मुलगा होता तो. त्याच्याजवळ नव्हता तो एक प्रश्न. आणि तो प्रश्न कोणत्याही पुस्तकातून नव्हे, तर शेजारच्या खुर्चीवरूनच मिळण्यासारखा होता.

रमजानचेच उदाहरण पुढे नेते. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी साखर असलेले कितीतरी लोक रोजे धरतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने याविषयी डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढली आहे, २०२१ मध्ये ती सुधारली. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाला बोलावून धोका पाहावा, गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारप्रमाणे बसवाव्यात, आणि रोजा कधी सोडायलाच हवा हे समजावून सांगावे, असे ती सांगते. "रोजा मत रखो" एवढे बोलून केसपेपर पुढे ढकलणारा डॉक्टर वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही अपुरा आहे.

आणि हा फक्त मुसलमानांचा विषय समजू नका. आपल्या जिल्ह्यातले आदिवासी मजूर दिवाळीनंतर ऊसतोडीला, गुजरातेत कामाला निघून जातात. टीबीच्या साध्या उपचाराला सहा महिने लागतात. कार्तिकात औषध सुरू केलेल्या माणसाला डॉक्टरने "दिवाळीनंतर कुठे जाणार, आणि होळीला परत येणार का?" हे विचारले नाही, तर त्याचा उपचार अर्ध्यावर तुटणार हे जवळजवळ ठरलेले. रमजानचा प्रश्न आणि ऊसतोडीचा प्रश्न हे एकाच जातीचे आहेत. दोन्हींत डॉक्टर विचारतो, "इथून गेल्यावर तुम्ही कसे जगता?"

कळ, ठणका, चमक

आता भाषेकडे येते, कारण तो माझा विषय आहे.

सरकारी महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. म्हणजे आपल्या ओपीडीत बसलेला निवासी डॉक्टर केरळचा असेल, राजस्थानचा किंवा बंगालचा असेल. त्याचे स्वागतच आहे. पण मराठी माणूस दुखणे एका शब्दात सांगत नाही. त्याला कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुंग्या येतात, भोवळ येते, पोटात कालवते, डोके जड होते, अंग मोडून येते. डॉक्टरसाठी यातल्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. ठणका म्हणजे कदाचित पू, मुंग्या म्हणजे कदाचित नस, चमक म्हणजे आणखी काही. परगावच्या मुलाला ही सगळी फक्त 'पेन' ऐकू येतात.

आमच्या घरातली बोली आणखी निराळी. "कलेजे में जलन" म्हणणारी बाई बहुधा पित्ताबद्दल बोलत असते, पण कधी ते हृदयही असू शकते, म्हणून तिला पुढचे दोन प्रश्न विचारावेच लागतात. "दिल बैठा जा रहा" आणि "जी मिचला रहा" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खानदेशी म्हातारी "पोट दुखस" म्हणते तेव्हा हात कुठे ठेवते ते पाहावे लागते. आणि बायकांचे आजार तर आडवळणानेच सांगितले जातात. "अंगावरून जातंय" हे ज्याला कळत नाही, त्याच्यासमोरून कितीतरी बायका कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन परत जातात. अशा वेळी टेबलाभोवती पाच-सहा मुलगे उभे असतील, तर बुरख्यातली बाईच काय, नऊवारीतली बाईसुद्धा "काही नाही, कंबर दुखते" एवढेच म्हणेल.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून चांगले बदल झाले आहेत, हे मान्य केले पाहिजे. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेची ओळख आली. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र अभ्यास आला. पुढे गावातली कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रमही आला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत तर १९६९ मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून विद्यार्थ्याला खेड्याशी जोडण्याचा आग्रह आहे. पण पहिल्या वर्षी ऐकलेले संवादाचे तास आणि सहाव्या-सातव्या वर्षी दोनशे लोकांच्या रांगेसमोर बसणे, यांत मोठी दरी आहे. सवय रांगेसमोर लागते, तासात लागत नाही. म्हणून सुधारणाही रांगेसमोरच झाली पाहिजे.

पाठ निरीक्षण

बीएडला आम्ही जे केले ते सांगते. एक पाठ घ्यायचा तर आधी टाचण काढा, ते मंजूर करून घ्या, मग वर्गावर जा. मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेले. त्याआधी सूक्ष्म अध्यापन. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात निघालेल्या या पद्धतीत एका वेळी एकच कौशल्य, पाच-सहा मिनिटांचा पाठ, लगेच अभिप्राय आणि त्यावरून पुन्हा तोच पाठ. कधी नुसते प्रश्न विचारणे, कधी नुसते फलकलेखन. तेव्हा हे सगळे जाचक वाटायचे. पण चौथीच्या मुलाला बेरीज शिकवायला जाणाऱ्या माणसावर एवढी नजर, आणि माणसाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवणाऱ्यावर ओपीडीत कुणाचीच नजर नाही, हे गणित मला कधी सुटलेले नाही.

इथे डॉक्टर मंडळी म्हणतील, बाई, तुमच्या वर्गात साठ मुले, आमच्या दारात पाचशे रुग्ण. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या. प्रत्येक रुग्णामागे शिकवत बसलो तर रांग रात्रीपर्यंत संपणार नाही.

आक्षेप खरा आहे. पण प्रत्येक रुग्णामागे शिकवा असे कुणी म्हणतच नाही. बीएडलाही प्रत्येक तासाचे निरीक्षण होत नव्हते. अमेरिकेतल्या कुटुंबवैद्यक शिकवणाऱ्या काही डॉक्टरांनी १९९२ मध्ये नेमक्या याच अडचणीवर, गर्दीच्या ओपीडीवर, पाच पायऱ्यांची एक पद्धत मांडली. तिला ते 'एका मिनिटाचा गुरू' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. निवासी डॉक्टर रुग्ण पाहून आला की गुरूने स्वतः उत्तर सांगायचे नाही. आधी विचारायचे, तुला काय वाटते? मग, कशावरून? मग त्या रुग्णापुरता एकच नियम सांगायचा. काय बरोबर केले ते सांगायचे. आणि शेवटी काय चुकले ते. झाले. यात दोन-चार मिनिटे जातात. दिवसाला एका निवासी डॉक्टरामागे असे दोनच रुग्ण धरले, तरी तीन वर्षांत हजाराच्या पुढे धडे होतात. माझ्या मते अशा धड्यांची नोंदवही ठेवली पाहिजे, जशी आमची पाठांची होती, आणि ती परीक्षेच्या वेळी पाहिली गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट, तोच रुग्ण तोच डॉक्टर. आज साखरेची गोळी बदलणाऱ्याला महिन्याने त्या बदलाचे काय झाले ते दिसले पाहिजे. नाहीतर तो फक्त चिठ्ठ्या लिहायला शिकतो. ज्या शिक्षकाने शिकवले त्याला निकालपत्रक कधीच दाखवायचे नाही, असा हा प्रकार आहे. केसपेपरवर निवासी डॉक्टरचे नाव ठळक लिहिले आणि पुढची तारीख त्याच्याच ओपीडीच्या वाराची दिली, तर यासाठी वेगळा निधी लागत नाही.

तिसरी गोष्ट निवासी डॉक्टरांच्या बाजूने. रात्रभर जागलेला माणूस ऐकू शकत नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग काम साधारणपणे १२ तासांहून जास्त नसावे, आठवड्याला ४८ तासांहून जास्त नसावे, असे म्हटले होते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली. म्हणजे बत्तीस वर्षांत आपण कुठे पोचलो ते बघा. थकलेल्या मुलांवर ओरडून ओपीडी सुधारणार नाही. त्यांच्यावर हात उचलणाऱ्या नातेवाइकांनी तर सुधारणेचा रस्ताच बंद केला आहे.

आपण काय करायचे

रुग्ण म्हणून आपला एक करार असतो, तो कुणी कागदावर लिहीत नाही. आम्ही आमचे शरीर तुमच्या शिक्षणासाठी देतो. खाजगी रुग्णालयातला पैसेवाला हे देत नाही, सिव्हिलच्या रांगेतला गरीब देतो. ही अमानत आहे. बदल्यात आम्हाला काय मिळाले पाहिजे? वरिष्ठांची नजर, आडोसा, परवानगी विचारण्याची अदब आणि आपल्या भाषेत दोन वाक्यांचे स्पष्टीकरण. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहितीचा, खाजगीपणाचा आणि पुरुष डॉक्टर तपासत असताना बाईजवळ दुसरी स्त्री असण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. तो मागताना भांडायची गरज नाही. "आमची ही तपासणी मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवाल का?" एवढे विचारले तरी पुरे. चांगला निवासी डॉक्टर यामुळे दुखावत नाही. त्यालाही तेच हवे असते.

आपल्याकडूनही काही देणे लागते. जुने कागद आणि गोळ्यांची पिशवी घेऊन जा. हकिमाची पुडी, भगताचा काढा, शेजारणीची गोळी, जे घेतले असेल ते सांगा. शिकणाऱ्या मुलाने नाडी पाहू का विचारले तर हात पुढे करा. आणि नको असेल तर "नको" म्हणा, तोही हक्क आहे.

पुढची सूचना माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना. २०२० च्या अधिसूचनेनुसार प्रत्येक एमडी-एमएस विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काढावे लागतात. २०२३ च्या नियमांनी त्यासाठी ५० खाटांचे रुग्णालयही चालेल असे ठरवले. म्हणजे महानगरांत शिकलेली मुले आपल्यासारख्या भागांत येण्याचा रस्ता खुला झाला आहे. ती येतील तेव्हा त्यांना शिकवणारे फक्त डॉक्टरच कशाला हवेत? आपल्या जिल्ह्यात मराठी, उर्दू, अहिराणी, गुजरी, भिलोरी, पावरी बोलणारे शिक्षक गावोगाव आहेत. दुखण्याचे दोनशे शब्द जमवायचे, प्रत्येक बोलीतले, अर्थासकट, आणि प्रत्येक शब्दापुढे डॉक्टरने विचारायचा पुढचा प्रश्न. भिंतीवर लावता येईल असा तक्ता आणि खिशात मावेल अशी वही. एका दिवाळीच्या सुट्टीचे काम आहे. उर्दूची आणि अहिराणीची बाजू मी घ्यायला तयार आहे. पावरी आणि मावची जाणणाऱ्यांनी हात वर करावा.

आणि शेवटची मागणी रुग्णालयांच्या प्रशासनाकडे. रुग्ण कल्याण समित्यांत आपले लोकप्रतिनिधी, कार्यकर्ते बसतात. तिथे पाण्याचा, पंख्यांचा, बाकड्यांचा विषय निघतो, तो निघालाच पाहिजे. त्याबरोबर आणखी एक ओळ लिहून घ्या. प्रत्येक विभागाच्या ओपीडीबाहेर, आज आत कोणते वरिष्ठ डॉक्टर कोणत्या वेळेत बसणार आहेत, याचा फलक लावावा. शाळेत वेळापत्रक लावतात तसा. नाव आणि वेळ भिंतीवर आली की खुर्ची रिकामी ठेवणे अवघड जाते. आणि खुर्ची भरलेली दिसली, की 'तिथे शिकाऊ डॉक्टर बघतात' हे वाक्य आपल्या घरातही जरा कमी ऐकू येईल.